कोलाडला राफ्टिंगला जाताय? पाणी कुठून येतं, नदीवर काय होतं, काळजी काय घ्यायची, वाचा सविस्तर

कडेगाव : पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर कोलाडच्या राफ्टिंगचे व्हिडिओ फिरायला लागतात. रबरी होडी, फेसाळलेलं पाणी, पिवळी-नारंगी जॅकेटं आणि आरडाओरडा. आपल्या भागातली पोरंही गाडी ठरवून निघतात. पण जाण्याआधी हे राफ्टिंग चालतं कसं आणि त्यात धोका कुठे असतो, हे समजून घेतलेलं बरं.

कोलाड नेमकं कुठे?

कोलाड हे रायगड जिल्ह्यातल्या रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. तिथून कुंडलिका नदी वाहते. भिऱ्याजवळ सह्याद्रीतून उतरलेली ही नदी कोलाड, रोह्यावरून जाऊन रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. राफ्टिंग होतं ते नदीच्या वरच्या अंगाला, रवाळजे परिसरापासून खाली साधारण १२ ते १४ किलोमीटरच्या टप्प्यात.

कडेगावातून जायला दोन सरळ रस्ते आहेत. पहिला आपल्या गुहागर-विजापूर महामार्गानेच कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून महाड, माणगावमार्गे कोलाड. दुसरा पुण्याला जाऊन मुळशी, ताम्हिणी घाटाने खाली. पावसात दोन्ही घाटांत धुकं असतं, दरडी पडतात. त्यामुळे रात्रीचा प्रवास टाळा आणि निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का याची चौकशी करा.

हेसुद्धा एक ‘आवर्तन’च

टेंभूचं आवर्तन म्हणजे काय, हे कडेगावच्या माणसाला सांगायला नको. पाणी सोडलं तर कालव्याला येणार, नाही सोडलं तर नाही. कुंडलिकेचं राफ्टिंगही असंच सोडलेल्या पाण्यावर चालतं.

पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर टाटांचं मुळशी धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात आणलं जातं. हे वीजघर १९२७ पासून सुरू आहे. वीज तयार झाल्यावर पाणी खाली कुंडलिकेत येतं. ते साधारणपणे सकाळच्या वेळी सोडलं जातं, म्हणून राफ्टिंगही सकाळी लवकर सुरू होतं. उशिरा पोचलात आणि पाणी ओसरलं, तर तो दिवस गेला असं समजा.

याच कारणाने इतर नद्या आटल्या तरी कुंडलिकेवर उन्हाळ्यातही राफ्टिंग होऊ शकतं. गोव्यात वाळपईजवळ म्हादई नदीवरही राफ्टिंग चालतं, पण ते पावसाच्या पाण्यावर, म्हणजे फक्त पावसाळ्यात.

आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी. मुळा नदीचं पाणी मुळात भीमेतून कृष्णेला मिळणारं. धरणाने ते पश्चिमेला वळवलं. कोयनेचंही तसंच आहे. कृष्णा पाणी लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली आणि ते वीज करून वाशिष्ठीत जातं. मुळशी धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावं गेली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. ताम्हिणीच्या रस्त्याने गेलात तर हाच मुळशीचा जलाशय वाटेत दिसतो. दोन तासांच्या मजेमागे एवढं मोठं मोल आहे, हे ध्यानात असू द्या.

नदीवर काय काय होतं?

राफ्ट म्हणजे हवा भरलेली जाड रबरी होडी. कडेने साधारण आठजण बसतात, मागे गाईड. प्रत्येकाच्या हातात वल्हं. पाण्यात उतरण्याआधी गाईड काठावर सगळं समजावून सांगतो. पुढे वल्हवायचं कधी, उलटं कधी, थांबायचं कधी आणि ‘गेट डाऊन’ म्हटल्यावर होडीत खाली कसं बसायचं. ही दहा-पंधरा मिनिटं फोटो काढण्यात घालवू नका. अडचणीच्या वेळी हेच कामाला येतं.

नदीत खडक आणि उतारामुळे पाणी जिथे उसळतं, त्या जागेला ‘रॅपिड’ म्हणतात. जगभर रॅपिडची अवघडपणानुसार १ ते ६ अशी वर्गवारी करतात. कुंडलिकेचे रॅपिड साधारण २ ते ३ या दर्जाचे आहेत, म्हणजे नवख्यालाही गाईडबरोबर जमतील असे. सुरुवातीला उसळी जास्त, पुढे पाणी शांत होतं. सगळा प्रवास दोन-अडीच तासांचा.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

- पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं आहे. त्यानुसार अशा संस्थांना नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका.
- लाईफ जॅकेट आणि हेल्मेट प्रत्येकाला मिळणार का?
- गाईड प्रशिक्षित आहे का? बचावासाठी सोबत दोरी आणि दुसरी राफ्ट किंवा कयाक असते का?
- विमा, जेवण, नदीपर्यंतची ने-आण पैशात धरली आहे का?
- पाणी सुटलं नाही किंवा अतिपावसाने राफ्टिंग बंद राहिलं, तर पैसे परत मिळणार का?

कोणी जाऊ नये?

हृदयविकार, फिट्स, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि गरोदर महिलांनी जाऊ नये. साधारणपणे १४ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. दारू पिऊन तर होडीत पाऊलही टाकू नका. पोहता येत नसलं तरी चालतं, पण ते गाईडला आधी सांगा.

पाण्यात पडलात तर?

- घाबरून उभं राहायचा प्रयत्न करू नका. वाहत्या पाण्यात पाय खडकात अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं. जिवावर बेतणारी चूक हीच.
- पाठीवर उताणे व्हा, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. खडक आला तर पायाने ढकला.
- दोरी फेकली तर हातांनी छातीशी धरा. मनगटाला किंवा हाताला गुंडाळू नका.
- लाईफ जॅकेटचे सगळे बक्कल आधीच घट्ट लावा. दुसऱ्याला खांद्याजवळून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं, तर ते सैल आहे.

आपल्या नदीसाठीही हाच धडा

कोलाडला जावं न जावं, ज्याची त्याची हौस. पण तिथले दोन नियम कृष्णाकाठीही तेवढेच खरे आहेत.

पहिला नियम, होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणूस बसवायचा नाही आणि जॅकेटशिवाय कुणालाच बसवायचं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शेजारच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. ती आठवण या भागात अजून ओली आहे. कोलाडला हौसेसाठी जाणाऱ्याच्या अंगावर जॅकेट असतं. पुरात घर सोडणाऱ्या आजीच्या अंगावरही ते असायलाच हवं. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी पावसाळ्याआधी आपल्याकडे जॅकेट किती, त्यातले वापरण्याजोगे किती, हे मोजून ठेवायला हरकत नाही.

दुसरा नियम, सोडलेलं पाणी सांगून वाढत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला की वर ऊन असलं तरी खाली कृष्णेची पातळी चढते. कोलाडला पाणी कधी सुटणार हे गाईडला ठाऊक असतं. घाटावर पोहायला उतरलेल्या पोराला ते ठाऊक नसतं. म्हणून विसर्गाची सूचना आली की नदीत उतरू नका, जनावरं आणि मोटारी वेळेत वर काढा आणि ही माहिती नदीकाठच्या आपल्या पाहुण्यारावळ्यांनाही पाठवा.