आरोग्य, स्वास्थ्य आणि मानव विकास : शब्द नेहमीचे, अर्थ आपल्या घराशी जोडलेला

अंगणवाडी ताई 'कुपोषण' म्हणतात, डॉक्टर 'ॲनिमिया' म्हणतात, पेपरात 'मानव विकास निर्देशांक' छापून येतो. हे शब्द आपण ऐकतो आणि सोडून देतो. पण मुलीचे शिक्षण, तिच्या निकाहचे वय, बाळाची लस, घरातल्या बाईचे जेवण हे सगळे निर्णय याच शब्दांशी बांधलेले आहेत. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आपल्या कुटुंबांसाठी या संकल्पनांची ही थोडक्यात ओळख.

आरोग्य म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी लागू झाली. म्हणूनच ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. या घटनेनुसार आजार नसणे एवढ्यावर आरोग्य पूर्ण होत नाही; शरीर, मन आणि सामाजिक जीवन तिन्ही ठीक असावे लागते. ताप नाही, पण रात्र-रात्र झोप लागत नाही, तर तो माणूस निरोगी म्हणता येणार नाही.

इस्लामी शिकवणीत सेहत ही अल्लाहची नेमत आणि अमानत मानली जाते. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुतेक लोक गाफील राहतात, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. आजारावर इलाज करून घेण्याची ताकीदही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. दुआ आणि दवा यांत झगडा नाही.

आरोग्य ठरवणाऱ्या बाबी

आरोग्य फक्त दवाखान्यात ठरत नाही. पिण्याचे पाणी, घरातली हवा, काम, उत्पन्न आणि शिक्षण यांनी ते ठरते. यांना 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' म्हणतात. धुळ्यातील पॉवरलूमवर काम करणाऱ्याच्या फुफ्फुसात कापसाची धूळ आणि कानात सतत आवाज जातो. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा हातगाडीवाला आणि केळीच्या बागेतला मजूर उन्हातच असतो. औषध दोघांनाही मिळेल, पण कामाची जागा बदलली नाही तर आजार परत येणार. नाका-तोंडावर कापड, कानात बोळे, दुपारची विश्रांती, सोबत पाणी या साध्या गोष्टीही म्हणूनच उपचाराइतक्या महत्त्वाच्या.

जगणे आणि वाढणे

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मुस्लिम समाजात बालमृत्यूचे प्रमाण सरासरीपेक्षा कमी आढळले, मुला-मुलींचे प्रमाणही चांगले आढळले. मात्र वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण जास्त निघाले. म्हणजे आपली मुले जगतात, पण पूर्ण वाढत नाहीत.

इथे 'पहिले हजार दिवस' ही संकल्पना कामाची आहे. गर्भारपणाचे सुमारे २७० आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून हजार. मेंदूची सर्वांत वेगवान वाढ याच काळात होते, आणि इथे राहिलेली कसर नंतर भरून काढणे अवघड जाते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. मध, घुटी, वरचे पाणी काही नाही. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करायचे आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे. पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख कुरआनमध्ये सूरह बकरात आहेच.

लसही याच काळातली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवर पसरला, तेव्हा राहिलेल्या डोसांची किंमत दिसली.

ॲनिमिया : घराघरात लपलेला आजार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गर्भवतीत ११ च्या खाली, म्हणजे ॲनिमिया. दम लागणे, चक्कर, थकवा याला 'बायकांचं असंच असतं' म्हणून सोडू नका.

घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी बहुतेक वेळा अम्मी किंवा भाभी असते. आधी तिचे ताट भरा. बाजरी, कळण्याची भाकरी, मेथी, डाळ, कलेजी, खिमा हे सगळे खान्देशच्या ताटात आहेच. सोबत लिंबू घ्या, आणि जेवताना चहा टाळा. चहामुळे लोह अंगी लागत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींना खाऊ द्या.

मानव विकास म्हणजे काय?

१९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. अमर्त्य सेन यांचा त्यात मोठा वाटा होता. देशाची प्रगती फक्त पैशाने मोजू नका, माणसाला काय करता येते, काय बनता येते ते पाहा, हा त्यांचा मुद्दा. निर्देशांकात तीन गोष्टी येतात: दीर्घ निरोगी आयुष्य, शिक्षण आणि राहणीमान. आकडा ० ते १ च्या दरम्यान असतो.

घराला हीच मोजपट्टी लावून पाहा. दहावीनंतर मुलगा गॅरेजवर लागला की महिन्याला पैसे येतात, पण शिक्षणाचा खाना तिथेच थांबतो. मुलीचेही तसेच. कायद्याने लग्नाचे वय मुलीसाठी १८, मुलासाठी २१ आहे. तरी याच पाहणीत धुळे जिल्ह्यात २०-२४ वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे लग्न १८ च्या आत झालेले आढळले. हा आकडा सर्व समाजांचा आहे, आपणही त्यात आहोत. कमी वयातले बाळंतपण म्हणजे आईला धोका, कमी वजनाचे बाळ आणि सुटलेली शाळा. तिन्ही खाने एकदम खाली येतात. मानव विकास मिशनमधून मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस धावतात. गावात शाळा नाही म्हणून नाव काढण्याआधी ही सोय तपासा.

मनाचे आरोग्य

उदासी, घबराहट, झोप उडणे याला नजर किंवा कमजोर ईमान ठरवून माणसाला एकटे पाडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. 'टेलीमानस' हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.

घरी करायच्या पाच गोष्टी

१. बाळाचे लसीकरण कार्ड आज काढून तपासा.
२. घरातील प्रत्येक मुलीचे आणि बाईचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा.
३. गर्भवतीची नोंद पहिल्या तीन महिन्यांत करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी असते.
४. शुगर-बीपीचे रुग्ण असतील तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.
५. निकाहची तारीख काढण्याआधी मुलीचे वय आणि तिचे शिक्षण कुठवर आले ते पाहा, आणि तिलाही विचारा.