कांदा चाळीतील तापमान सेन्सरला कनेक्टर बसवणे
चाळ भरताना, रिकामी करताना सेन्सरची वायर ओढली जाऊन तुटते. मध्ये तीन पिनांचा जलरोधक कनेक्टर बसवल्यास सेन्सर सहज काढून ठेवता येतो.

• आधी वीजपुरवठा बंद करावा.
• डीएस१८बी२० सेन्सरची लाल वायर बहुधा पुरवठ्याची, काळी ग्राउंडची, पिवळी डेटाची असते. माहितीपत्रकात खात्री करावी. लाल-काळी उलट जोडल्यास सेन्सर तापून निकामी होतो.
• श्रिंक ट्यूब आधी वायरीत ओवावी, मगच सोल्डर करावे.
• पुरवठ्याच्या बाजूला फिमेल भाग ठेवावा, म्हणजे सेन्सर काढल्यावर पिना उघड्या राहत नाहीत.
• सेन्सर बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून तपासावा. शून्य अंशाच्या आसपास नोंद यावी.

उणे १२७ अंश दिसल्यास जोडणी सुटलेली समजावी. चुकीच्या नोंदीवर विसंबल्यास चाळीतील उष्णता लक्षात येत नाही आणि कांदा सडतो.