न उडणारे विमान

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण प्रत्येक उमेदवाराला कधी ना कधी ऐकविली जाते. सुताराच्या रंध्याजवळ, लोहाराच्या भात्याजवळ, आणि कचेरीतील टेबलाजवळही, ती पुष्कळ अंशी खरी ठरते. रंधा चुकला तर फार तर एक फळी वाया जाते. परंतु ज्या व्यवसायात पहिली चूक हीच शेवटची ठरण्याचा संभव असतो, तेथे नवख्याने पाण्यात पडावे तरी कसे? विसाव्या शतकातील एका चमत्कारिक यंत्रपरंपरेचा उगम या अडचणीत आहे, आणि तो उगमही एका वाद्यांच्या कारखान्यात आहे.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे लिंक कुटुंबाचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या घरातील एडविन लिंक याने १९२० साली सोळाव्या वर्षी ५० डॉलर मोजून विमानविद्येचा पहिला धडा घेतला. शिक्षकाने त्याला आकाशात कोलांट्या दाखविल्या, पण दांडीला हात लावू दिला नाही! त्यात शिक्षकाचा तरी काय दोष? शिकाऊ मुलाच्या हाती खरे विमान देणे म्हणजे दोघांचे प्राण त्याच्या हाती देणे होते. लिंकने पुढे यावर जो तोड काढला तो वडिलांच्या धंद्यातूनच काढला. आपल्या पायपेटीप्रमाणे ऑर्गनही भात्यांवर चालतो. तेच भाते त्याने एका आखूड पंखांच्या लाकडी विमानाखाली बसविले. आत बसलेल्याने दांडी हलविली की हवा भरून अगर ओढली जाऊन ते खोके कलत असे, वळत असे, नाक वर करीत असे. जमीन मात्र सोडीत नसे. १९२९ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. वैमानिकांच्या जगाने या यंत्राकडे खेळणे म्हणूनच पाहिले, आणि त्याचे पहिले ग्राहक जत्रा व करमणुकीची उद्याने चालविणारे निघाले.

खेळण्याचे शिक्षक होण्यास एक राष्ट्रीय दुर्दैव कारण झाले. १९३४ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी गैरव्यवहाराच्या संशयावरून खाजगी विमान कंपन्यांचे टपालाचे करार रद्द केले आणि ते काम लष्कराच्या वैमानिकांकडे सोपविले. हे तरुण शूर होते, पण त्यांचा सराव मुख्यतः दिवसाच्या स्वच्छ आकाशातला. धुके, हिमवर्षाव आणि रात्र यांत बाहेर न पाहता केवळ समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवून विमान हाकणे त्यांना कोणी नीट शिकविलेच नव्हते. काही आठवड्यांतच डझनभर माणसे मृत्युमुखी पडली. आकाशात उभारलेल्या शाळेचे हे शुल्क होते. अशा वेळी लष्करी अधिकाऱ्यांना भेटण्यासाठी लिंक स्वतः दाट धुक्यातून केवळ उपकरणांच्या आधारे विमान घेऊन न्यूअर्कला उतरला. अशा हवेत कोणी येणे शक्य नाही असे समजून परत फिरण्याच्या बेतात असलेल्या त्या मंडळींना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. प्रत्येकी ३,५०० डॉलर दराने सहा यंत्रांची मागणी नोंदविली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात या ठेंगण्या खोक्यांतून पाच लाखांवर वैमानिक तयार झाले.

त्या यंत्रातील एक लहानशी सोय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यावर झाकण बंद होई. बाहेर शिक्षकाच्या टेबलावरील नकाशावर तीन चाकांचे एक छोटे उपकरण सरकत जाई आणि विद्यार्थी कोठे भरकटला याची शाईने रेषा काढी. चूक घडत होती, दिसत होती, आणि तरीही कोणी मरत नव्हते.

याच वाटेवर संगणक आला. १९४४ साली अमेरिकन नौदलाने मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाकडे कोणत्याही विमानाची नक्कल करू शकेल असे एकच यंत्र मागितले. जे फॉरेस्टर यांनी त्यासाठी अंकांवर चालणारा गणक हाती घेतला. काम इतके वाढले की १९४८ साली वैमानिकाची कोठडीच बाजूला पडली आणि उरला तो ‘व्हर्लविंड’ हा संगणक. माणसाने कळ दाबताच तत्क्षणी उत्तर देणाऱ्या आरंभीच्या संगणकांत त्याची गणना होते. शिक्षणाची सोय करता करता भलतेच काही हाती लागले, असे विज्ञानात वारंवार घडते.

आता साध्या कचेरीकडे वळू. इंग्लंडमध्ये गॉर्डन पास्क आणि रॉबिन मॅकिनन-वुड या दोघांनी १९५० नंतरच्या दशकात प्रथम संगीताच्या तालाबरोबर रंगमंचावरील दिवे खेळविणारे यंत्र केले होते. (पुन्हा संगीतच!) १९५६ मध्ये त्यांनी ‘साकी’ हे यंत्र बनविले. सांकेतिक पत्र्यांवर छिद्रे पाडणाऱ्या कारकुनांना, म्हणजे त्या काळी बहुतेक स्त्रियांना, कळा दाबण्याचा सराव देणे हे त्याचे काम. शिकणारीला कोणता अंक चटकन साधतो आणि कोठे बोट अडखळते याची नोंद यंत्र ठेवी. जमलेल्या अंकासाठी गती वाढे आणि कळ सुचविणारा दिवा मंद होत जाई. अडखळलेल्या अंकासाठी वेळ वाढे आणि दिवा पुन्हा उजळे. चांगला गुरू शिष्याचा चेहरा पाहून जे करतो ते येथे तारा आणि विद्युत्प्रवाह करीत होते. प्रौढ माणसाला शिकताना अक्षमतेपेक्षा लाजेची धास्ती अधिक असते. चारचौघांत हसे न होता पुन्हा पुन्हा चुकता येणे, हा या यंत्राचा खरा गुण.

१९६३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकावर मेरीॲन बिट्झर या परिचारिकेने हृदयविकाराच्या एका काल्पनिक रुग्णाची शुश्रूषा परिचर्येच्या विद्यार्थिनींपुढे ठेवली. विद्यार्थिनीने स्वतः माहिती मागवावी, स्वतः निर्णय घ्यावा, अशी ती रचना होती. लिंकच्या खोक्यातील न्याय रुग्णशय्येपर्यंत पोहोचला तो असा. आज तर काही विमानचालकांचे नव्या जातीच्या विमानाचे सारे शिक्षण नकली कोठडीत पुरे होते.

आणि आता तो दुकानातही आला आहे. २०१८ साली वॉलमार्ट या अमेरिकन व्यापारी कंपनीने आपल्या दुकानांसाठी डोळ्यांवर बसवावयाची सुमारे १७,००० आभासी दर्शनयंत्रे घेतली. सणाची गर्दी कशी आवरावी, नवे यंत्र कसे चालवावे, हे नोकर त्यांतून शिकू लागले. वर्षभराने त्याच साधनाचा उपयोग, इतर गोष्टींबरोबर, बढतीस कोण लायक हे ठरविण्यासाठीही होऊ लागला. शिकाऊ वैमानिकाची शाईची रेषा शिक्षकापुढे उमटत असे, ती त्याला शिकविण्यासाठी. या दुकानातील नोकराच्या डोळ्यांवर यंत्र चढते तेव्हा मात्र आपण सराव करीत आहोत की परीक्षा देत आहोत, हे त्याला आधी विचारून घ्यावे लागेल.