चांदीच्या पेल्याशेजारची बेडी

भायखळ्याला राणीच्या बागेला लागून एक जुने म्युझियम आहे. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले, १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. तिथे काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या मांडलेल्या आहेत. मुंबईत नांदणाऱ्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. माझी मुलगी शाळेत होती तेव्हा तिला घेऊन गेलो होतो. काचेला नाक लावून तिने विचारले, ‘‘अब्बा, यातले आपण कोण?’’

मी बोट उचलले आणि तसाच थांबलो. दाढी-टोपीवाला दाखवावा, तर माझे आजोबा सातारकडच्या खेड्यात धोतर नेसून, मुंडासे बांधून गुऱ्हाळावर राबले. मी तर दाढीही राखत नाही. कविसंमेलनात मात्र सूत्रसंचालक अजूनही कौतुकाने सांगतो, ‘‘मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी लिहितात!’’ त्या ‘असूनही’त आमची अख्खी पिढी अडकली आहे.

मुलीला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. पुढे एका प्रदर्शनाविषयी वाचले तेव्हा तिचा प्रश्न पुन्हा समोर आला. ते प्रदर्शन अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले. मेरिलँड हिस्टॉरिकल सोसायटी ही १८४४ साली स्थापन झालेली तिथली प्रतिष्ठित संस्था. प्रतिष्ठितांनी दिलेली चांदीची भांडी, तैलचित्रे, कोरीव खुर्च्या यांनी भरलेली. १९९२ साली फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताला तिथे बोलावण्यात आले. त्याने स्वतःचे चित्र काढले नाही की शिल्प घडवले नाही. संस्थेच्या कोठारात उतरला, तिथल्या वस्तू वर आणल्या आणि नव्याने मांडल्या. प्रदर्शनाचे नाव ‘मायनिंग द म्युझियम’. इंग्रजीतल्या ‘माइन’ शब्दात खाण आहे, सुरुंग आहे आणि ‘माझे’ही आहे.

एका कपाटावर पाटी होती, ‘धातुकाम, १७९३–१८८०’. आत नक्षीदार चांदीचे पेले, चंबू, आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या. खाली भाष्य नाही, शिवीगाळ नाही. बेडीही धातूचीच, तीही कुणा कारागिराने घडवलेली. म्हणजे पाटीत खोटे काही नव्हते. चांदी विकत घेण्याइतका पैसा कुणाच्या श्रमातून आला, हे बघणाऱ्याचे बघणाऱ्यालाच कळत होते.

लाकूडकामाच्या दालनात सुबक खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात माणसाला बांधून फटके मारायचा खांब. जणू खुर्च्यांवर बसून कुणी तमाशा पाहतो आहे. जुन्या बाबागाडीत बाळाच्या दुपट्याच्या जागी कू क्लक्स क्लॅनवाल्यांचे चेहरा झाकणारे टोपडे ठेवले होते. गोऱ्या बाळांना सांभाळणाऱ्या दाया बहुतेक काळ्या, हे ज्याला ठाऊक, त्याच्या अंगावर काटा यावा.

दाराशीच सहा चौथरे होते. तिघांवर नेपोलियन, हेन्री क्ले आणि अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्धपुतळे. तिघांतला एकही मेरिलँडचा नव्हे! उरलेले तीन रिकामे. त्यांच्यावर नुसती नावे : हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर. तिघेही याच मातीतले. डग्लस १८३८ साली बाल्टिमोरमधून गुलामी झुगारून निसटले, टबमनबाई १८४९ साली पळाल्या आणि इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा परत आल्या. बॅनेकर तर पंचांगे करणारे गणिती. संग्रहात त्यांचे पुतळे नव्हते. विल्सनने नवे घडवून घेतले असते तर उणीव झाकली गेली असती. त्याने रिकामी जागाच मांडली.

सर्वांत जास्त मनात राहिले ते एक जुने तैलचित्र. १७१० च्या सुमाराचे. श्रीमंत घरचा गोरा मुलगा ऐटीत उभा आणि मागे कोपऱ्यात गळ्यात धातूचे कडे असलेला काळा मुलगा. विल्सनने प्रकाशझोत त्या कोपऱ्यावर टाकला आणि ध्वनिमुद्रणातून त्याला आवाज दिला. मी तुझा भाऊ आहे का, मित्र आहे का, की पाळलेले जनावर, अशा अर्थाचे प्रश्न ते पोर विचारते. चित्र पूर्वीचेच, पण आता गोऱ्या मुलाकडे पाहताना नजर सारखी मागे जाते.

संस्था कलावंताला पाहुणा म्हणून बोलावते, वर्षभराने वस्तू कोठारात परत जातात आणि पाप धुतल्याचे समाधान तेवढे उरते, अशी शंका येतेच. ती मला रास्त वाटते. पण निदान कोठारात काय आहे हे एकदा चारचौघांत उघड झाले, हेही थोडे नव्हे.

हे प्रदर्शन एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९३ चालले. तारखा पाहून मी दचकलो. त्याच डिसेंबर-जानेवारीत आमची मुंबई जळत होती. त्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचे छायाचित्र होशी जाल यांनी काढले, ते वर्तमानपत्रात छापून आले. विवान सुंदरम या चित्रकाराने त्या छायाचित्रावरून १९९३ सालीच ‘मेमोरियल’ नावाची मांडणी केली. कुठे त्या देहाभोवती खिळे ठोकले, कुठे त्याला काचेखाली ठेवले. बाल्टिमोरला नावे होती, पुतळे नव्हते. इथे देह होता, नाव नव्हते. त्या अनोळखी माणसासाठी सुंदरम यांनी एक कमान उभारली, तीही संगमरवराची नव्हे, पत्र्याच्या ट्रंकांची.

त्या जानेवारीत माझी खाला आपली खोली सोडून आमच्याकडे आली, तेव्हा रिक्षातून अशीच एक ट्रंक उतरवली होती. आत दोन गोधड्या, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले आणि कुलूप लावून आलेल्या खोलीची किल्ली. ट्रंक अजून माझ्याकडे आहे. वर पांढऱ्या रंगात खालूचे नाव आहे, रोमन लिपीत, स्पेलिंग चुकलेले.