न सापडलेली फाइल आणि चालू असलेले वायफाय

इंटेलचे वायफाय कार्ड असलेला लिनक्स संगणक सुरू झाला की पुष्कळदा पडद्यावर तक्रार उमटते: अमुक फर्मवेअर लोड झाले नाही, त्रुटी -२. त्या नावाची फाइल डिस्कवर नाही, एवढाच या आकड्याचा अर्थ. अशा दोन-चार ओळी जातात आणि वायफाय बिनतक्रार जोडले जाते. याला ढिसाळ प्रोग्रामिंग म्हणणे सोपे आहे, पण इतिहास पाहिला की ते पटत नाही. २००३ साली इंटेलचे सेंट्रिनो तंत्रज्ञान आले आणि लॅपटॉपमध्ये वायफाय अंगभूत झाले. या कार्डांना स्वतःचा प्रोसेसर असतो, पण त्याचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी संगणकाला कार्डात भरावा लागतो. त्या प्रोग्रामचा सोर्स कोड कंपनी देत नाही आणि लिनक्सचा गाभा असलेला कर्नल तर जीपीएल या खुल्या परवान्याचा. म्हणून २००८ च्या सुमारास डेव्हिड वुडहाउस यांनी फर्मवेअरचे वेगळे भांडार उभे केले, आणि २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत कर्नलमधला फर्मवेअरचा उरलासुरला साठाही काढून टाकण्यात आला. तेव्हापासून कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो, फर्मवेअर दुसऱ्या पॅकेजातून, आणि दोघांचे वेळापत्रक जुळेलच असे नाही. त्यामुळे ड्रायव्हर आपल्याला समजणाऱ्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून शोध सुरू करतो आणि सापडेपर्यंत एकेक पायरी खाली उतरतो.

मग प्रत्येक पायरीवर ओरड कशाला? माझ्या मते याचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. पूर्वी फाइल आणून देण्याचे काम कर्नलबाहेरचा यूडेव्ह हा प्रोग्राम करी. २०१२ मध्ये त्यातल्या बदलांमुळे ड्रायव्हर अडकू लागले, वाद पेटला, आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी ३.७ आवृत्तीपासून कर्नललाच फाइल थेट वाचायला लावले. कर्नलमधल्या या फाइल वाचणाऱ्या लोडरला मागितलेले नाव तेवढे कळते. ड्रायव्हरच्या हाती पुढचा पर्याय आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ज्याला निर्धोकपणा माहीत आहे तो गप्प असतो आणि ज्याला माहीत नाही तो बोलतो.

यावर कोणी म्हणेल, सगळ्याच सूचना बंद करा. ते घातक ठरले असते. डेबियन या लिनक्स वितरणाने २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीत कर्नलमधून मुक्त नसलेले फर्मवेअर वगळले. २०२२ च्या मतदानानंतर, २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आले. मधल्या काळात ज्यांचे वायफाय खरोखरच मुके राहिले, त्यांना नेमके काय हवे आहे हे याच ओळीने सांगितले. कोडच खुला असता तर प्रश्न मिटला असता, हाही आक्षेप अर्धाच खरा: परवान्याची अडचण सुटली असती, आवृत्त्यांची नाही. २०१८ मध्ये ४.१८ आवृत्तीने ड्रायव्हरला गाजावाजा न करता फाइल मागण्याची सोय दिली, आणि तो उपाय मला सर्वांत न्याय्य वाटतो. म्हणूनच इंटेलच्या 'योयो' फाइलबद्दलचा इशारा मला समर्थनीय वाटत नाही. ती फाइल दोष शोधणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे, सामान्य संगणकावर ती नसतेच, आणि हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.