दुसऱ्या पातळीखालचे दर

ही रात्र कुठल्या एका दूध संघाची नाही, ती मी रचली आहे. पण तिच्या मुळाशी असलेली पॉवरशेलची आज्ञा आणि त्या आज्ञेचं गप्प राहणं अगदी खरं आहे.

रात्री ९.३० (आठ तास बाकी)
दूध खरेदीचा दर वाढतो. संगणक विभागातल्या मुलीला फोन येतो, "ताई, सकाळच्या संकलनाला नवा दर लागलाच पाहिजे." दरपत्रक एका जेसन फाईलमध्ये आहे: फाईलमध्ये केंद्रं, केंद्राखाली गाय आणि म्हैस, गायीखाली ३.५ फॅट व ८.५ एसएनएफचा (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचा) मूळ दर, त्याच्या जोडीला फॅटनुसार दरांचे टप्पे.

१०.१५
स्क्रिप्ट चार ओळींची. फाईल वाचायची, प्रत्येक दर वाढवायचा, 'कन्व्हर्टटू-जेसन'ने पुन्हा जेसन करून त्याच जागी लिहायचं. लिहिण्याआधी ती एका केंद्राचा दर पडद्यावर काढून बघते. बरोबर आहे. तिची तपासणी खोटी नव्हती; मेमरीतली माहिती या क्षणी पूर्ण शाबूत आहे.

११.०५ (सुमारे साडेसहा तास बाकी)
एंटर.

नुकसान झालं ते इथेच. २०१२ साली पॉवरशेलच्या आवृत्ती ३.० सोबत आलेली 'कन्व्हर्टटू-जेसन' ही आज्ञा, खोली, म्हणजे किती पातळ्या खाली जायचं ते, सांगितली नाही, तर २ धरते. मर्यादा असण्याला कारण आहे. पॉवरशेलमधल्या वस्तू एकमेकींत गुंतलेल्या असतात: फाईलमध्ये तिचा फोल्डर, फोल्डरमध्ये त्याच्या वरचा फोल्डर. कुठेतरी थांबावंच लागतं. माझा राग थांबण्यावर नाही, थांबण्याच्या रीतीवर आहे. मर्यादेखाली जे असेल त्याचा ती सरळ मजकूर करून टाकते. फाईल, केंद्रं, केंद्र इथवर सगळं नीट उलगडलं; गाय मात्र अवतरणचिन्हांत अडकलेली एक ओळ झाली: "@{फॅट=३.५; एसएनएफ=८.५; दर=…; टप्पे=सिस्टिम.ऑब्जेक्ट[]}".

मूळ दराचे आकडे निदान त्या ओळीत दिसतात. टप्प्यांच्या जागी फक्त प्रकाराचं नाव उरलं, आकडे गेले.

लाल अक्षरं आली नाहीत. ७.१ पासून पुढे अशा वेळी इशारा मिळतो, पण विंडोजसोबत येणारी ५.१ आवृत्ती काहीच बोलत नाही. शिवाय तयार झालेलं जेसन व्याकरणाने निर्दोष आहे. फक्त व्याकरण तपासणारा कुठलाही प्रोग्राम ते पास करेल, कारण मजकूर हीसुद्धा जेसनमध्ये रीतसर किंमत आहे.

१२.३०
रात्रीचा बॅकअप चालतो आणि कालच्या चांगल्या फाईलवर आजची लिहितो. परतीची वाट बंद.

२.००
फाईल केंद्रांवर पोचते.

४.४५ (पाऊण तास बाकी)
केंद्रांचे संगणक सुरू होतात. तिथला प्रोग्राम गायीखाली 'दर' शोधतो. मजकुराला असा कप्पाच नसतो. 'सापडलं नाही तर शून्य धरा' असं कोणीतरी पूर्वी त्यात लिहून ठेवलंय, प्रोग्राम बंद पडू नये म्हणून. बंद पडला असता तर किती बरं झालं असतं! पहिलं कॅन येण्याआधी कोणीतरी फोन उचलला असता.

५.३०
पहिलं दूध काट्यावर. लिटर बरोबर, फॅट बरोबर, पावतीवर रक्कम ०.००. मागे रांग. दुधाचं दहा दिवसांचं बिल याच पावत्यांवर निघतं, त्यातून पेंड येते, दवाखाना भागतो. "सचिव, हे काय?" या प्रश्नाला केंद्राच्या सचिवाकडे उत्तर नाही. तो वही काढतो, लिटर आणि फॅट हाताने लिहू लागतो. दूध परत पाठवता येत नाही, ते थांबत नाही.

६.२०
बातमी संगणक विभागात पोचली आहे, चूक सापडली आहे. केंद्राच्या भिंतीवरच्या छापील दरपत्रकाचा फोटो त्या मुलीकडे येतो. जुने टप्पे त्यावरून टाईप करायचे, त्यात वाढ मिळवायची, प्रत्येक केंद्रासाठी. आज्ञेच्या शेवटी आता '-डेप्थ १०' आहे. १०० पर्यंत देता येतं. निकाल ती नव्या नावाच्या फाईलमध्ये लिहिते, तीच फाईल पुन्हा वाचायला लावते आणि गायीचा शेवटचा टप्पा पडद्यावर काढते. आकडा येतो. मग पहिल्या केंद्राला फोन: "पावत्या पुन्हा काढा, वहीतल्यासुद्धा."