ढगातल्या आम्लाची कुळकथा

नॉर्वेचे गणिती कार्ल स्टॉर्मर ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काढत. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठाण्यांवरून एकाच क्षणी फोटो घ्यायचा आणि कोनावरून उंची काढायची, ही त्यांची रीत. ऑस्लोच्या आसपास हिवाळ्यात क्वचित सूर्यास्तानंतरही शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे झळकणारे ढग दिसत. स्टॉर्मर यांनी तीच रीत त्यांना लावली. उंची निघाली वीस ते तीस किलोमीटर!

इतक्या वरची हवा म्हणजे स्थितांबर. तिथे दहा लाख रेणूंत पाण्याचे जेमतेम पाच. तरीही कडाक्याच्या थंडीत तेवढ्या पाण्याचा बर्फ होतो. ढग कशाचे, याचं या रंगीत ढगांपुरतं हे उत्तर बरोबरही होतं. पुढची कित्येक वर्षं हे ढग हौशी लोकांच्या कौतुकाचा विषय राहिले.

1978 मध्ये निंबस-7 उपग्रह वर गेला. त्याच्या नोंदींवरून नासाचे मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं, की ध्रुवांवर हिवाळ्यात असे ढग विरळ नाहीत, चांगले पसरलेले असतात. 'ध्रुवीय स्थितांबरी ढग' हे रुक्ष नाव तेव्हाचं. एक गोष्ट मात्र खटकत होती. तिथलं पाणी गोठायला उणे 85 अंश सेल्सियसच्या आसपास थंडी लागते, आणि ढग त्याआधीच दिसत होते.

हा प्रश्न अभ्यासकांपुरताच राहिला असता. पण मे 1985 मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिशांनी हॅली तळावरच्या मोजण्यांवरून जाहीर केलं, की अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात कोसळतोय. क्लोरोफ्लुरोकार्बनमधला क्लोरीन ओझोन खातो, हे रोलंड आणि मोलिना यांनी 1974 मध्येच सांगितलं होतं. पण ध्रुवावर, एवढ्या खालच्या थरात, एवढ्या झपाट्यानं? हिशेब जुळत नव्हता.

तो जुळला नायट्रोजनच्या वाटेनं. 1986 मध्ये पॉल क्रुट्झन आणि फ्रँक अर्नोल्ड यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ओवेन टून यांच्या गटानं स्वतंत्रपणे मांडलं, की त्या ढगांत नायट्रिक आम्लही गोठत असणार. आम्लाचा एक रेणू आणि पाण्याचे तीन, असा स्फटिक उणे 78 अंशांच्या आसपासच जमतो. ढग आधी का दिसतात, त्याचं उत्तर इथे होतं. गंमत म्हणजे 1970 मध्ये याच क्रुट्झन यांनी नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोन नष्ट करतात हे दाखवून नाव कमावलं होतं. ध्रुवावर मात्र तोच नायट्रोजन रखवालदार निघाला, आणि तो हवेतून गेला की खरा घात.

स्थितांबरातला बराचसा क्लोरीन एरवी दोन निरुपद्रवी रूपांत अडकलेला असतो: हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्लोरीन नायट्रेट. हवेत हे दोघे एकमेकांना भेटले तरी काही घडत नाही. हिमकणावर भेटले की गाठ सुटते. सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये हे सुचवलं, तर मोलिना यांच्या गटानं 1987 मध्ये प्रयोगशाळेत बर्फावर दाखवून दिलं. क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो, नायट्रिक आम्ल बर्फातच राहतं. वसंतात ऊन आलं की क्लोरीनचे रेणू फुटतात आणि ओझोनवर तुटून पडतात. त्यांना पुन्हा बांधायला नायट्रोजन डायऑक्साइड लागतो. तो ज्या आम्लापासून व्हायचा, ते तर कणांत कोंडलेलं!

कण बारीक असेल तर ऊब येताच वाफ होऊन आम्ल हवेत परततं. कण मोठा झाला तर ते घेऊनच खाली उतरतो. 1987 मध्ये चिलीतल्या पुंता अरेनासहून उडालेल्या ईआर-2 विमानानं ओझोन ओसरलेल्या थरात नायट्रोजनही ओसरल्याचं टिपलं. इतके मोठे कण प्रत्यक्ष हाती लागायला 2000 साल उजाडलं. स्वीडनमधल्या किरुनाहून झालेल्या उड्डाणांत 16 ते 21 किलोमीटर उंचीवर, सुमारे 1800 किलोमीटरच्या पट्ट्यात, 10 ते 20 मायक्रोमीटर व्यासाचे कण सापडले. संशोधक त्यांना चक्क 'खडक' म्हणू लागले. असा 'खडक' दिवसाला किलोमीटरभर खाली येतो. त्याच वर्षी जानेवारीत किरुनाजवळच सोडलेल्या बलूननं एकास तीन हे प्रमाण ढगातच मोजलं. कागदावरचा स्फटिक चौदा वर्षांनी आकाशात भेटला.

आपल्याकडच्या उंच तंतुमेघांतला बर्फही हे आम्ल शोषतो, पण त्याची मात्रा थोडी, बहुतेक पृष्ठभागापुरती. कण वाढत असेल तर आम्ल थराथरांत गाडलं जातं. पावसाळ्यात तर वेगळाच नायट्रोजन वर जातो. उत्तरेकडच्या मैदानांतल्या युरियाचा आणि गोठ्यांचा अमोनिया पावसात धुऊन जायला हवा, तरी काही भाग मान्सूनच्या ढगांबरोबर वर पोचतोच. 2017 मध्ये काठमांडूहून उडालेल्या विमानानं तिथे अमोनियम नायट्रेटचे कण ओळखले. कार्ल्सरुहच्या ढगकक्षात तपासल्यावर कळलं, की या क्षाराचे स्फटिक नव्या हिमकणांना बीज म्हणून चांगले चालतात.